एगेजचा मोफत डेटा वापरून बघितला: हवा स्वतःला किती साफ करते ते खरंच मोजता येतं का?

आधीच सांगते, हा एअर प्युरिफायरचा रिव्ह्यू नाहीये. टायटल बघून कुणी त्या आशेने आलं असेल तर त्यांच्यासाठी शेवटाकडे थोडं लिहिलंय. हा रिव्ह्यू एका डेटा सेवेचा आहे, एगेज (AGAGE) तिचं नाव. जगाच्या टोकाटोकाला, समुद्रकिनाऱ्यावरच्या छोट्या स्टेशनांवर बसून ही मंडळी १९७८ पासून हवेतले वायू मोजतायत आणि ते आकडे कुणालाही फुकट बघायला मिळतात. गेले काही महिने मी त्यातल्या फाइली उघडून रोज रात्री तासभर बसते, तेव्हा म्हटलं नीट लिहून ठेवावं, म्हणजे दुसऱ्या कुणाला सुरुवात करायची असेल तर सोपं जाईल.

मी क्यूसी लॅबमध्ये, म्हणजे मालाची गुणवत्ता तपासणाऱ्या लॅबमध्ये काम करते, दिवसभर जीसीवर, म्हणजे मिश्रणातले घटक वेगळे करून मोजणाऱ्या मशीनवर. सॅम्पल लाव, स्टँडर्ड (प्रमाण आधीच माहीत असलेलं सॅम्पल) लाव, पीक म्हणजे ग्राफवरचं टोक मोज, मशीनचा आकडा हळूहळू सरकतोय का बघ. हवामानशास्त्र काही शिकलेली नाहीये. पण मिथेनच्या बातम्या वाचताना एक प्रश्न डोक्यात बसला तो बसलाच. मिथेन वाढतोय म्हणतात, ठीक आहे, पण टाकीतलं पाणी वाढायला दोन कारणं असू शकतात, एकतर नळ जास्त सोडलाय नाहीतर खालचं भोक तुंबलंय. बातम्यांमध्ये सगळे नळाबद्दलच बोलतात, गुरं, दलदल, गॅसच्या गळत्या वगैरे, भोकाचं काय? हवेतून मिथेन बाहेर कोण काढतं आणि त्याचं काम नीट चाललंय का हे कोण बघतं? तिथून शोधत शोधत या सेवेपर्यंत पोचले.

तर ते भोक म्हणजे हायड्रॉक्सिल, ओएच. एक ऑक्सिजन, एक हायड्रोजन, बस. सूर्याचा अल्ट्राव्हायोलेट किरण ओझोनवर पडला की त्यातून एक खवळलेला ऑक्सिजनचा अणू सुटतो, तो पाण्याच्या वाफेला भिडला की दोन ओएच तयार होतात. हे आपल्या डोक्यावरच्या अगदी खालच्या हवेतही होत असणार असं हायरम लेव्ही यांनी १९७१ मध्ये मांडलं, तोपर्यंत हा वरच्या थरांतला मामला समजत होते. हा ओएच समोर येईल त्याला चावतो. कार्बन मोनॉक्साइड, मिथेन, सल्फर डायऑक्साइड, सॉल्व्हंटच्या वाफा, झाडांतून येणारे वास, सगळ्यांना. हवेतला जवळपास ९० टक्के मिथेन यानेच संपतो आणि म्हणून मिथेन हवेत साधारण ९-१० वर्षं टिकतो. ओएच नसता तर आपण सोडलेल्या कितीतरी गोष्टी तशाच साचत राहिल्या असत्या.

आणि हा एवढा मोठा सफाई कामगार आहे किती? एका घनसेंटिमीटर हवेत सरासरी १० लाख रेणू. ऐकायला पुष्कळ वाटतात, पण हिशोब केला तर हवेच्या साधारण २५ लाख कोटी रेणूंमागे हा एक. त्यात जन्मला की एका सेकंदात नाहीतर त्याच्याही आत कशाला तरी चिकटून संपतो, रात्री ऊन नसतं तेव्हा जवळजवळ नसतोच. एका गल्लीत एक आकडा, दुसऱ्या गल्लीत वेगळा, ढग आला की खाली. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा खरं सांगते माझा विश्वास बसेना की याची अख्ख्या पृथ्वीची सरासरी कुणी काढू शकतं. आमच्याकडे पीपीएम लेव्हलची, म्हणजे दहा लाखांत एखादा भाग असलेली इंप्युरिटी पकडताना दमछाक होते.

युक्ती अशी आहे की ओएच मोजायचाच नाही, त्याने काय खाल्लं ते मोजायचं. त्यासाठी असा वायू लागतो जो फक्त माणसानेच बनवलाय, किती सोडला ते माहीत आहे, आणि ज्याला संपवणारा मुख्यतः ओएचच आहे. मिथाइल क्लोरोफॉर्म तसा निघाला. मशीनचे पार्ट धुवायचं, ग्रीस काढायचं सॉल्व्हंट. पूर्वी व्हाइटनरमध्येही हेच असायचं, झाकण उघडल्यावर तो गोडसर वास यायचा ना आणि मिनिटभरात कागदावर वाळून जायचं, ते वाळून गेलेलं सगळं हवेत. जेम्स लव्हलॉक यांनी १९७७ मध्येच लिहून ठेवलं होतं की याच्यावरून ओएचचा अंदाज काढता येईल. याला शितावरून भाताची परीक्षा म्हणायचं, फक्त इथे शीत पण हवेत विरघळलेलं आहे.

पुढे मिथाइल क्लोरोफॉर्म ओझोनच्या थराला मारक म्हणून १९९० मध्ये मॉन्ट्रियल कराराच्या यादीत आला, विकसित देशांनी १९९६ पासून बंद केला, बाकीच्यांना २०१५ पर्यंत मुदत होती. ओझोनसाठी घेतलेला निर्णय, पण ओएच मोजणाऱ्यांना त्यातून सोन्यासारखी संधी मिळाली कारण नळ जवळजवळ बंद झाला. आता टाकीतलं पाणी किती वेगाने उतरतं ते बघायचं, तेवढ्यावरून भोक केवढं ते कळतं!

आता सेवेबद्दल. सुरुवातीची पाच स्टेशनं होती, आज जास्त आहेत. आजची मुख्य म्हणजे आयर्लंडमध्ये मेस हेड, कॅलिफोर्नियात ट्रिनिडाड हेड, बार्बाडोसला रॅग्ड पॉइंट, सामोआ, आणि टास्मानियाच्या वायव्य टोकावरचं केप ग्रिम. जागा अशा निवडल्यात की समुद्रावरून लांबून आलेली, नीट मिसळलेली हवा मिळावी. केप ग्रिमला नैर्ऋत्येकडून वारा असेल तर ती हवा हजारो किलोमीटर नुसत्या समुद्रावरून आलेली असते, ती बेसलाइन हवा. शहराकडून वारा फिरला की ते आकडे वेगळे काढतात, फेकून देत नाहीत. हे मला फार आवडलं. न आवडणारा पॉइंट गुपचूप डिलीट करणं किती सोपं असतं हे लॅबमध्ये काम करणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहे.

मशीनचं नाव मेडुसा. दोन-एक लिटर हवा ओढून त्यातले वायू उणे १६० अंशांच्याही खाली थंड केलेल्या ट्रॅपवर पकडायचे, मग गरम करून जीसीमध्ये सोडायचे, पुढे मास स्पेक, म्हणजे रेणू वजनावरून ओळखणारं मशीन. एक रन हवेचा, एक रन स्टँडर्डचा, परत हवेचा, परत स्टँडर्डचा, असं दिवसरात्र, म्हणजे साधारण दोन तासाला हवेचा एक आकडा. वाचताना मी मान डोलावत होते, कारण आम्ही महत्त्वाच्या बॅचला असंच ब्रॅकेटिंग करतो, दोन्ही बाजूंनी स्टँडर्ड, म्हणजे डिटेक्टर घसरला तर लगेच कळतं. फरक एवढाच की आम्ही एक दिवस करतो आणि हे लोक दशकानुदशकं करतायत, वादळात, सुट्टीच्या दिवशी, फंडिंग कमी असताना.

आणि अजून एक गोष्ट. केप ग्रिमला १९७८ पासून हवा सिलेंडरमध्ये भरून ठेवलीये. आमच्याकडे प्रत्येक बॅचचं कंट्रोल सॅम्पल ठेवतात ना कपाटात, एक्स्पायरीनंतरही वर्षभर, अगदी तसं, फक्त इथे बॅच म्हणजे त्या वर्षीची पृथ्वीची हवा. नवीन चांगलं मशीन आलं की जुनी हवा परत चालवून बघता येते. ज्या वायूंचं तेव्हा कुणाला नावही सुचलं नव्हतं ते त्या सिलेंडरमधून नंतर मोजले गेलेत. मला वाटतं या सगळ्या कामातली सगळ्यात दूरदृष्टीची गोष्ट हीच आहे, कुणीतरी तेव्हा विचार केला की आपल्याला आज जे सुचत नाहीये ते उद्या कुणाला तरी सुचेल.

वापरायला कसं आहे? फाइली साध्या टेक्स्टच्या आहेत, वर माहितीच्या ओळी, खाली तारीख, आकडा, किती विचलन. स्प्रेडशीटमध्ये ओढून घ्यायच्या. मी केप ग्रिमचे मिथाइल क्लोरोफॉर्मचे महिन्याचे आकडे घेतले आणि नुसता ग्राफ काढला तेव्हा डोंगर दिसला, नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत चढ, जगाची सरासरी तेव्हा १३० पीपीटीच्या आसपास होती, म्हणजे लाख कोटी रेणूंत १३०, आणि मग घसरगुंडी. मग १९९८ च्या पुढचा भाग कापला आणि शेजारच्या कॉलममध्ये एलएन (नैसर्गिक लॉग) लावला. परत ग्राफ काढला आणि बघते तर पट्टी ठेवून ओढल्यासारखी सरळ रेघ. महिन्यामागून महिना, वर्षामागून वर्ष सगळे ठिपके एका रेषेवर, मधे थोडीशी ऋतूची लाट. मी खुर्चीतून उठून परत बसले. ओएच सेकंदाला मरणारा, गल्लीगल्लीत बदलणारा, आणि त्याचं अख्ख्या जगाचं काम इतकं नियमित?

त्या रेषेचा उतार वर्षाला साधारण ०.१८ येतो. म्हणजे दर वर्षी हवेतला साधारण सहावा हिस्सा गायब, चार वर्षांत निम्मा. उलटा केला की साडेपाच वर्षं आयुष्य. यातला थोडा भाग वरच्या थरात उन्हाने फुटतो, थोडा समुद्र पितो, ते वजा केलं की उरलेलं सगळं ओएचचं काम. यासाठी मोठं मॉडेल लागत नाही, बारावीची केमिस्ट्री आणि लॉग येत असेल तर होतं. मॉडेलवाले अर्थात यापेक्षा खूप बारकाईने करतात, तापमान, गोलार्ध, वारे सगळं धरून, पण मूळ गोष्ट तुमच्या डोळ्यांसमोर घडते हे मला फार मोलाचं वाटतं.

एक चूक मी केली ती तुम्ही करू नका. नोआ या अमेरिकन संस्थेचंही असंच जाळं आहे, तिथे बाटल्यांमध्ये हवा भरून प्रयोगशाळेत पाठवतात, तेही जोडीने, दोन बाटल्या एकदम, जोडीतल्या दोन आकड्यांत फरक आला तर शंका घ्यायची. तोही डेटा फुकट आणि उत्तम. मी घाईत एगेजच्या मालिकेतल्या मधल्या रिकाम्या जागा नोआच्या आकड्यांनी भरल्या आणि रेघेत बारीक बारीक पायऱ्या दिसायला लागल्या. दोन दिवस मी त्या पायऱ्यांचा अर्थ लावत बसले होते, ज्वालामुखी, अल निनो, काय काय. नंतर लक्षात आलं की दोघांची कॅलिब्रेशन स्केल, म्हणजे मशीन ज्या स्टँडर्डशी जुळवतात ती मोजपट्टी, वेगळी आहे, आकड्यांत थोड्या टक्क्यांचा फरक असतोच. वर्षानुवर्षं स्टँडर्डशी खेळणाऱ्या बाईने ही चूक करावी याचं मला वाईट वाटलं. फाइलच्या वरच्या भागात स्केलचं नाव असतं, ते आधी वाचा, आणि एका ग्राफमध्ये एकच जाळं ठेवा.

मग उत्तर काय मिळतं? इथे थोडं थांबून सांगते कारण इथेच लोक गोंधळतात. २००१ च्या सुमाराला याच आकड्यांवरून रोनाल्ड प्रिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काढलं होतं की ओएच बराच वरखाली होतो. पण त्या काळात मिथाइल क्लोरोफॉर्म अजून सोडला जात होता आणि किती सोडला याचा हिशोब कंपन्यांच्या विक्रीच्या आकड्यांवर होता, नळाच्या आकड्यात चूक झाली की ती सगळी भोकाच्या नावावर चढते. नळ बंद झाल्यानंतरचा काळ घेऊन स्टीफन मॉन्टझ्का आणि इतरांनी २०११ मध्ये परत बघितलं तर १९९८ ते २००७ मध्ये ओएचची वर्षावर्षातली हालचाल फक्त २ टक्क्यांच्या आसपास निघाली. माझी ती सरळ रेघ म्हणजे तेच.

पण २ टक्के म्हणजे किरकोळ नाही. मिथेन १९९९ ते २००६ जवळजवळ स्थिर होता आणि २००७ पासून परत वाढायला लागला. २०१७ मध्ये दोन वेगवेगळ्या गटांनी दाखवलं की या वाढीमागे ओएच थोडासा कमी झाला असण्याची शक्यता या आकड्यांनी नाकारता येत नाही, आणि सिद्धही करता येत नाही. मला हा निष्कर्ष निराशाजनक वाटला नाही, प्रामाणिक वाटला. जगभरच्या मिथेनच्या भोकात एक-दोन टक्के फरक म्हणजे वर्षाला लाखो टन इकडचे तिकडे. २०२० चं उदाहरण तर विचार करायला लावणारं आहे. लॉकडाऊनमध्ये गाड्या, कारखाने थांबले, आकाश निळं दिसायला लागलं, आणि त्याच वर्षी मिथेन तोपर्यंतच्या नोंदीतल्या सगळ्यात वेगाने वाढला, जवळपास १५ पीपीबी, म्हणजे हवेच्या अब्ज रेणूंमागे १५. धुरातले नायट्रोजन ऑक्साइड वापरला गेलेला ओएच परत तयार करायला मदत करतात, ते कमी झाले तसा ओएचही थोडा कमी झाला, आणि २०२२ मधल्या एका अभ्यासानुसार त्या वर्षीच्या जास्तीच्या वाढीतला निम्म्याच्या आसपास भाग यामुळे होता, बाकी दलदलींमुळे. धूर चांगला असा याचा अर्थ नाही हो, ओझोन आणि फुप्फुसांचं काय होतं ते सगळ्यांना माहीत आहे. पण नळ आणि भोक एकमेकांत किती गुंतलेत ते यातून कळतं.

या सेवेच्या मर्यादा स्पष्ट सांगते, कारण नुसती स्तुती करून उपयोग नाही. पहिली म्हणजे यातून मिळते ती जगाची सरासरी. मिथाइल क्लोरोफॉर्म पाच वर्षं जगतो म्हणजे तो सगळीकडे मिसळून जातो, तुमच्या शहरावरची हवा आज किती साफ होतेय ते यातून कधीच कळणार नाही. दुसरी, ओएचने त्याला किती वेगाने खाल्लं हा लॅबमध्ये मोजलेला आकडा वापरावा लागतो आणि त्यात स्वतःची अनिश्चितता आहे, त्यामुळे बदल चांगला कळतो, नेमका एकूण आकडा तितका नाही. आणि तिसरी सगळ्यात मोठी, जी मला खरंच काळजीत टाकते. मोजपट्टीच संपत चाललीये. १३० पीपीटी होता तो २०२० पर्यंत दीडच्या आसपास आला. क्यूसीवाल्यांच्या भाषेत पीक बेसलाइनच्या नॉइजकडे सरकतंय, म्हणजे ग्राफवरचं टोक मशीनच्या खरखरीत बुडायला लागलंय. आता कुठेतरी जुन्या साठ्यातून थोडा गळला किंवा थंड समुद्रांनी पूर्वी प्यायलेला थोडा परत सोडला तरी हिशोबात त्याचं वजन वाढतं. आपण एका विषारी सॉल्व्हंटपासून सुटलो ही चांगलीच गोष्ट आहे, पण त्याच्याबरोबर ओएच मोजायची सगळ्यात चांगली सोय पण जातेय.

मग पर्याय कुठले? एक मला अतिशय सुंदर वाटला, कार्बन-१४ (कार्बनचा किरणोत्सारी प्रकार) वाला कार्बन मोनॉक्साइड. अवकाशातून येणारे कॉस्मिक किरण हवेतल्या नायट्रोजनवर आदळून कार्बन-१४ बनवतात, तो बहुतेक आधी कार्बन मोनॉक्साइड होतो आणि त्याला ओएच दोनेक महिन्यांत खातो. इथे नळ चालवणारं कुणी कारखानदार नाही, आकाश आहे, आणि तो किती सुटतो ते सूर्याच्या चक्रावरून काढता येतं. न्यूझीलंडमध्ये बेअरिंग हेडला आणि अंटार्क्टिकात अरायव्हल हाइट्सला हे वर्षानुवर्षं मोजतायत. दोन महिनेच जगतो म्हणून गोलार्धातला, ऋतूतला फरक दिसतो. २००५ मध्ये मार्टिन मॅनिंग आणि सहकाऱ्यांनी न्यूझीलंडच्या १३ वर्षांच्या आकड्यांवरून दाखवलं की १९९१ च्या पिनाटुबो ज्वालामुखीनंतर आणि १९९७ च्या इंडोनेशियातल्या आगींच्या वेळी ओएच काही महिने खाली गेला आणि मग सावरला. पाच वर्षं जगणाऱ्या वायूत हे इतकं ठळक दिसलं नसतं. पण हे रेणू इतके विरळ की एकेका सॅम्पलला सिलेंडरभर हवा आणि कार्बन-१४ चे अणू मोजणारं अॅक्सिलरेटर नावाचं मोठं मशीन लागतं, म्हणून स्टेशनं मोजकीच.

थेट ओएच मोजणारीही मशीनं आहेत. ३०८ नॅनोमीटरचा लेझर मारायचा आणि ओएच चमकतो तो पकडायचा. ॲमेझॉनच्या जंगलावर असं मोजलं तेव्हा मॉडेलपेक्षा खूप जास्त ओएच दिसला, मोठी खळबळ झाली, त्यातून झाडं सोडतात त्या आयसोप्रीन वायूमधून ओएच परत कसा तयार होतो यावर बरंच नवीन काम झालं. पण काही मशीनांत थोडा ओएच मशीनच्या आतच तयार होत होता हेही पुढे कळलं, मग हवा आत जाताना ओएच खाणारा वायू सोडून ब्लँक घ्यायला लागले, म्हणजे बाहेरचा ओएच नसतानाही मशीन किती दाखवतं ते बघायला लागले. ब्लँक! वाचून इतकं बरं वाटलं, जगात कुठेही जा शेवटी ब्लँकशिवाय सुटका नाही. याशिवाय हवेत ओएचला खाणारे सगळे मिळून किती हेही मोजतात, आणि ओळखीच्या वायूंची बेरीज केली की बऱ्याच ठिकाणी ती मोजलेल्या आकड्यापेक्षा कमी भरते, म्हणजे हवेत असं काहीतरी आहे जे आपण अजून मोजतच नाही.

आता एका ॲपबद्दल, नाव घेत नाही. त्याने पैसे घेऊन मला "तुमच्या भागातली हवेची लाइव्ह सफाई क्षमता" टक्क्यांत दाखवली, सकाळी ६४, दुपारी ७१. सपोर्टला तीनदा विचारलं की कुठलं मशीन, कुठे ठेवलंय, तर शेवटी उत्तर आलं की ते मॉडेलचा अंदाज आहे. मॉडेल असायला काही हरकत नाही, पण मग मोजलंय म्हणू नका. उंटावरून शेळ्या हाकायच्या आणि वर वर्गणी घ्यायची हे मला पटलं नाही, बंद केलं. आणि घरात ओएच सोडणारे प्युरिफायर घेऊ का असं ज्यांना वाटतंय त्यांना एवढंच, ओएच सेकंदाच्या आत संपतो, तो खोलीभर फिरत नाही, आणि तो चावलेल्या वाफा लगेच गायब होत नाहीत, मधल्या पायरीवर फॉर्माल्डिहाइडसारख्या गोष्टी होतात. बाहेर मोकळ्या आकाशाखाली त्या पुढे पुढे संपत जातात, बंद खोलीत त्या तुमच्याबरोबर राहतात. मी घेणार नाही.

एगेजला मी पाचपैकी पाच देते, विश्वासार्हतेसाठी. सोपेपणाला चार म्हणा, कारण पहिल्या आठवड्यात जरा डोकं लावावं लागतं, पण शिक्षक असाल, बारावीनंतरची मुलं घरात असतील, किंवा माझ्यासारखं नुसतंच कुतूहल असेल तर जरूर बसा. सुरुवात केप ग्रिमच्या महिन्याच्या बेसलाइन आकड्यांनी करा, १९९८ च्या आधीचा भाग पहिल्या वेळी बाजूला ठेवा, एलएन लावा, रेघ ओढा. मग तीच कृती मेस हेडला करा आणि दोन रेघा एकावर एक ठेवा. सध्या मी एचएफसी-१५२ए आणि एचएफसी-३२ या माणसाने बनवलेल्या दोन वायूंच्या फाइली उतरवल्यात. हे दोन्ही ओएचच खातो, पहिला साधारण दीड वर्ष जगतो आणि दुसरा पाच, आणि मिथाइल क्लोरोफॉर्म संपल्यावर अशा तीन-चार वायूंना एकत्र धरून ओएच काढायचा विचार शास्त्रज्ञ करतायत. यांचा नळ अजून चालू आहे त्यामुळे रेघ सरळ येत नाहीये, पण उत्तर आणि दक्षिण गोलार्धातला फरक घेऊन काही जमतंय का बघतेय. कुणी हे आधी केलं असेल तर कमेंटमध्ये सांगा, कुठला महिना धरायचा यावर मी अडकलीये.